नाटकांची चित्रणं सर्व्हरवर चढवताना : सांगलीतल्या एका नाट्यसंस्थेचं प्रकरण

## पार्श्वभूमी

संस्था हौशी. राज्य नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवायचं, वर्षाकाठी एक-दोन संगीत नाटकांचे प्रयोग लावायचे, सुट्टीत मुलांचं शिबिर घ्यायचं, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. सांगलीत अशा संस्था पुष्कळ आहेत. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथेच, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने आपला पहिला प्रयोग केला. 5 नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्यावरूनच आला, आणि त्या दिवशी काहीतरी करून दाखवल्याशिवाय इथल्या नाट्यवेड्या मंडळींना चैन पडत नाही. संस्थेचं आणि माणसांचं नाव, ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. मी यात तांत्रिक सल्ल्यापुरता होतो.

संस्थेकडे स्वतःच्या प्रयोगांची चित्रणं होती. सगळ्यांत जुनी व्हीएचएस कॅसेटवर, त्यानंतरची मिनीडीव्ही टेपवर. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका दुकानातून यांतल्या बऱ्याच चित्रणांच्या डीव्हीडी करून आणलेल्या. ऑगस्ट 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. संस्थेची तळमजल्यावरची खोली पाण्यात गेली. चित्रणांची ट्रंक आदल्या रात्री दोघांनी उचलून माडीवर नेली होती, म्हणून ती वाचली. खालच्या कपाटातल्या संहिता आणि फोटो मात्र लगदा होऊन बाहेर आले.

त्यानंतर कार्यकारिणीने ठरवलं की सगळी चित्रणं संगणकावर घ्यायची आणि माडीवरच्या वाचनखोलीतल्या टीव्हीवर सभासदांना बघता येतील अशी सोय करायची. प्रत्यक्ष काम सुरू व्हायला पुढे बराच काळ गेला. एका सभासदाने जुना डेस्कटॉप दिला, त्यात 8 टीबीची डिस्क बसवली, उबुंटू ही लिनक्स प्रणाली आणि त्यावर जेलीफिन टाकलं. जेलीफिन हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर. ठरलेल्या फोल्डरमध्ये व्हिडिओ ठेवले की ते त्यांची यादी करतं, आणि टीव्ही, मोबाइल किंवा ब्राउझर, कशावरूनही ते लावता येतात.

कामाला तिघं होती. संस्थेचे कार्यवाह, ज्यांना सगळे काका म्हणतात. प्रकाशयोजना करणारे एक दादा, ज्यांच्या लॅपटॉपवर टेपा आणि डीव्हीडी उतरवल्या जात होत्या. आणि संस्थेच्या बालनाट्यांत वाढलेली, आता अभियांत्रिकीला असलेली एक मुलगी. सर्व्हरचं काम तिच्याकडे होतं.

## अडचण

रंगभूमी दिनाला काही आठवडे उरलेले. दादांनी लॅपटॉपवरून वाय-फायने, सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमध्ये सरळ कॉपी-पेस्ट करून पहिला गठ्ठा चढवला. मधे वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, सर्व्हर बंद पडला. वीज आल्यावर यादीत सगळी नाटकं दिसत होती, तेव्हा काम झालं असं धरून दादा घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काकांनी एक संगीत नाटक लावलं. पहिला अंक सुरेख चालला. दुसऱ्या अंकात पद रंगात आलेलं असताना चित्र थिजलं आणि पडदा काळा झाला. मुलीने फाइल अपुरी चढली असणार म्हटल्यावर काकांनी दोन्हीकडचे आकडे ताडून पाहिले.

“अगं, मापात तर बरोबर आहे की. लॅपटॉपवर जेवढी, तेवढीच इथं. एका बाइटचाही फरक नाही.”

काकांचा आकडा खरा होता. दादांच्या लॅपटॉपची डिस्क भरत आली होती, पुढच्या टेपेला जागा हवी होती, आणि माप जुळतंय म्हटल्यावर लॅपटॉपवरची प्रत पुसायला ते निघालेच होते.

“दादा, थांबा,” मुलगी म्हणाली. “ते पद शेवटपर्यंत ऐकू येत नाही तोवर लॅपटॉपवरचं काहीही पुसायचं नाही.”

या सबंध प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा निर्णय हाच, आणि तो कुठल्याही बैठकीत झाला नाही. त्या नाटकाची टेप नंतर यंत्रात अडकून चुरगळली. लॅपटॉपवरची प्रत गेली असती तर दुसरा अंक कायमचा गेला असता.

माप जुळूनही फाइल अपुरी कशी? विंडोज अशी मोठी फाइल कॉपी करताना पलीकडे आधी पूर्ण आकाराची जागा अडवून ठेवते आणि मग मजकूर भरत जाते. भरणं अर्ध्यात तुटलं तर आकार पूर्ण दिसतो आणि मागचा भाग नुसत्या शून्यांचा राहतो. म्हणून कॉपी नीट झाली की नाही हे आकारावरून ठरवता येत नाही. इतरही अनेक ठिकाणी लोक आकड्यावर विसंबून मूळ प्रत पुसतात, हे मी पाहिलं आहे. मला ते फार धोक्याचं वाटतं.

त्याच गठ्ठ्यातली दुसरी एक फाइल मात्र सुरूच होईना. यादीत नाव होतं, पण लांबी शून्य मिनिटं. तिघांना वाटलं हा वेगळा आजार. आजार एकच होता. एमपी-4 फाइलमध्ये एक अनुक्रमणिका असते. कुठलं दृश्य, कुठला आवाज कुठे आहे हे ती सांगते. पुष्कळ सॉफ्टवेअर ती फाइलच्या शेवटी लिहितात. शेपटाकडचा भाग पोचला नाही की अनुक्रमणिकाच नाही, मग पहिलं दृश्यसुद्धा दिसत नाही. पहिल्या नाटकात ती सुरुवातीला लिहिलेली होती, म्हणून पोचलं तेवढं चाललं. शिवाय जेलीफिन फोल्डरवर सतत लक्ष ठेवून असतं. नवी फाइल दिसली की ते ती लगेच उघडून तपासतं आणि यादीत घालतं. कॉपी पूर्ण झाली आहे की नाही, याची ते वाट बघेलच असं नाही.

काही फाइल्स तर चढायलाच तयार नव्हत्या. ‘नाव फार लांब’ असं उत्तर येई. काकांनी नोंदी मनापासून केल्या होत्या: नाटक, अंक, स्पर्धा, ठिकाण, तारीख, दिग्दर्शक, सगळं फाइलच्या नावात. विंडोजवर ते खपून गेलं, कारण विंडोज नावात 255 अक्षरखुणा चालवते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत मर्यादा 255 बाइटची आहे, आणि देवनागरीतली प्रत्येक खूण 3 बाइट घेते. ‘सांगली’ म्हणजे स, काना, अनुस्वार, ग, ल, दुसरी वेलांटी. सहा खुणा, 18 बाइट. ‘स्पर्धा’ डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, पण हलन्त धरून खुणा सात, म्हणजे 21 बाइट. जेमतेम 80-85 खुणांत नाव संपतं. काकांची नावं त्याच्या दुपटीची होती.

आणि पोस्टरांचा घोळ. जेलीफिनने इंटरनेटवरून आपणहून माहिती ओढली आणि नावसाधर्म्यावरून भलत्याच हिंदी चित्रपटांची पोस्टरं नाटकांना चिकटवली. ज्यांनी त्या नाटकात नायिका केली होती त्या ज्येष्ठ बाई टीव्हीसमोर बसून म्हणाल्या, “हे आमचं नाटक नव्हे.” त्यांना वाईट वाटलं, आणि ते साहजिक होतं.

## पर्याय

कार्यकारिणीत पहिला सूर निघाला तो यूट्यूबचा. खर्च नाही, सर्व्हर नाही, लिंक पाठवली की पुण्या-मुंबईतले जुने कलाकारही बघतील. हा मोह खरा होता आणि त्यावर वेळ घालवणं योग्यच होतं. अडलं ते हक्कांवर. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल 1916 साली गेले, त्यांच्या संहितांचा प्रश्न केव्हाच मिटला. पण स्पर्धेतली बहुतेक नाटकं अलीकडच्या लेखकांची. त्यावर कलाकारांचा प्रयोगावरचा हक्क वेगळा, तो 50 वर्षांचा. संमती नसताना जगासमोर मांडणं काकांना पटेना. माझा आक्षेप आणखी एक होता. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओ स्वतःच्या पद्धतीने दाबून घेतं, त्यामुळे तिथली प्रत ही जपणुकीची प्रत होऊ शकत नाही.

सर्व्हर आपलाच ठेवायचा ठरल्यावर प्रश्न उरला फाइल चढवायची कशी. ब्राउझरमधून चढवता आली तर बरं, असं दादांचं म्हणणं. जेलीफिनमध्ये व्हिडिओ चढवण्याची सोय नाही. त्यासाठी दुसरं सॉफ्टवेअर बसवावं लागतं. आणि ब्राउझरची वाट लहान फाइल्ससाठी बरी. अशा सॉफ्टवेअरच्या मागे बहुधा असणारा एनजिनएक्स हा वेब-सर्व्हर मुळात 1 एमबीच्या वरचं काही आत घेत नाही, पीएचपी ही वेब-भाषा 2 एमबीच्या वरचं. या मर्यादा वाढवता येतात. पण मिनीडीव्हीची तासाभराची टेप सुमारे 13 जीबी होते, तीन तासांचं नाटक 39 जीबी. एवढं ब्राउझरच्या एका टॅबवर सोपवून वीज जाणार नाही अशी आशा करत बसणं मला मान्य नव्हतं.

वाय-फायवरच चालू ठेवायचं का? संस्थेच्या वाय-फायवर वेग सेकंदाला 40 मेगाबिटच्या आसपास मिळत होता. त्याने 39 जीबीला दोन तासांहून जास्त लागतात. साध्या गिगाबिट केबलने तेच काम सहा-सात मिनिटांत होतं. केबलचा खर्च किरकोळ. बाहेरच्या डिस्कवर घालून ती डिस्क सर्व्हरला लावणं हाही चांगला मार्ग, फक्त डिस्क किंवा पेनड्राइव्ह फॅट-32 पद्धतीची नको, कारण तिच्यावर 4 जीबीहून मोठी फाइल मावत नाही. दादांच्या पेनड्राइव्हवर हेच झालं होतं आणि पेनड्राइव्ह बिघडला म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला होता.

दुसरा मोठा प्रश्न रूपांतराचा. डीव्हीडीतला व्हिडिओ एमपेग-2 पद्धतीचा, तो ब्राउझरला कळत नाही. अशा वेळी जेलीफिन बघणाऱ्यासाठी तो चालू-चालू बदलून देतं. एकाने बघितलं तर जुना प्रोसेसर कसाबसा तग धरतो, तिघा-चौघांनी एकदम लावलं की अडखळतो. मग चढवण्याआधीच एकदा ब्राउझरला कळणाऱ्या एच-264 पद्धतीत बदलून ठेवायचं, की नवा संगणक घ्यायचा? मुलीचं मत आधी रूपांतर करण्याच्या बाजूने होतं, माझंही. काकांना भीती वाटत होती ती मूळ चित्रणाला धक्का लागण्याची.

## काय केलं

काकांच्या भीतीतूनच मांडणी नक्की झाली. प्रत्येक नाटकाच्या दोन प्रती. मूळ प्रत जशी उतरली तशी वेगळ्या फोल्डरमध्ये, फक्त वाचण्यापुरती. तिला कुणी हात लावायचा नाही. दाखवायची प्रत तिच्यावरून बनवलेली. तीन तासांच्या नाटकाची दाखवायची प्रत साडेतीन जीबीच्या आसपास होते. ती बिघडली तर पुन्हा बनवता येते, आणि हे एकदा कळल्यावर काका निर्धास्त झाले.

मग जागा. सर्व्हरवर दोन फोल्डर केले आणि नाटकवाल्यांनी त्यांना आपल्याच व्यवहारातली नावं दिली: ‘विंग’ आणि ‘रंगमंच’. जेलीफिनला फक्त रंगमंच दाखवला. बाहेरून येणारी फाइल आधी विंगेत उतरणार. तिथे तपासणी झाल्याशिवाय रंगमंचावर जायचं नाही.

यात एक बारीक गोष्ट होती. मुलीने विंग सुरुवातीला उबुंटू असलेल्या छोट्या एसएसडी डिस्कवर केली होती, रंगमंच मोठ्या डिस्कवर. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात ‘हलवायची’ म्हटलं की एकाच डिस्कवर ते क्षणात होतं, कारण फक्त पत्ता बदलतो. डिस्क वेगळ्या असल्या की हलवणं म्हणजे आतून पुन्हा कॉपीच, आणि तेवढा वेळ जेलीफिनला पुन्हा अर्धी फाइल दिसते. एक चाचणी घेताना यादीत शून्य मिनिटांची नोंद परत उमटली, तेव्हा तिच्या हे ध्यानात आलं. तिने विंग मोठ्या डिस्कवर आणली आणि तो त्रास संपला.

चढवण्यासाठी दादांच्या लॅपटॉपवर विनएससीपी हे फाइल पाठवण्याचं सॉफ्टवेअर टाकलं. ते मोठी फाइल पाठवताना नावाला ‘.फाइलपार्ट’ अशी शेपटी लावतं आणि सगळी पोचल्यावरच शेपटी काढतं. मधे वीज गेली तर तुटलेल्या ठिकाणाहून पुढे सुरू करता येतं. विंगेत शेपटीवाली फाइल दिसली म्हणजे काम अपुरं, हे दादांना एका नजरेत कळू लागलं.

शेपटी गेली तरी खात्री वेगळी. लॅपटॉपवर विंडोजच्या सर्टयुटिलने आणि सर्व्हरवर एसएचए-256-समने फाइलचा ठसा, म्हणजे आतल्या सगळ्या मजकुरावरून काढलेली खूण, काढायचा. 64 अक्षरांचा तो ठसा दोन्हीकडे तंतोतंत जुळला तरच प्रत पोचली. काका तो नोंदवहीत उतरवून घेत. पहिली आठ आणि शेवटची आठ अक्षरं, लाल शाईने. बिघडलेल्या त्या दोन फाइल्सचे ठसे काढून दाखवले, आकार तोच आणि ठसे भलतेच, तेव्हा दादांनाही पटलं.

नावांवर वाद झाला. मुलीने रोमन लिपीतली छोटी नावं सुचवली. काका म्हणाले, “नाटक मराठी, बघणारी माणसं मराठी, आणि नाव इंग्रजीत?” त्यांचा मुद्दा रास्त होता, आणि बाइटची मर्यादाही खरी होती. तोडगा असा निघाला की फाइलचं नाव म्हणजे नोंदवहीतला क्रमांक, बाकी काही नाही. नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, कलाकार, प्रयोगाचं ठिकाण हे सगळं शेजारच्या एनएफओ नावाच्या छोट्या मजकूर-फाइलमध्ये, शुद्ध देवनागरीत, हवं तेवढं लांब. टीव्हीवर दिसतं ते हेच. इंटरनेटवरून माहिती ओढण्याचे सगळे पर्याय बंद केले आणि प्रत्येक नाटकाला संस्थेकडचाच फोटो लावला. तालमीतले, ग्रीन रूममधले, मिळतील ते. पुरात अल्बम गेले होते. बरेच फोटो कलाकारांच्या घरून आले.

रूपांतर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने. जुनी चित्रणं ‘इंटरलेस्ड’ असतात, म्हणजे एका चौकटीत दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या. जुन्या टीव्हीवर ते कळत नसे. आजच्या पडद्यावर नटाने हात हलवला की बाहीच्या कडेला आडव्या रेघा फुटतात. त्या सोडवणारी चाळणी लावून सेकंदाला 50 चौकटींची प्रत केली. 25 ची केली असती तर नृत्याची हालचाल तुटक दिसली असती. चित्राचं 4:3 हे प्रमाण राखलं, कारण रुंद टीव्हीभर ताणलेल्या चित्रात माणसं जाड दिसतात. अनुक्रमणिका सुरुवातीला लिहून घेतली, म्हणजे लावल्याबरोबर नाटक सुरू होतं. डीव्हीडीतल्या एकेक जीबीच्या तुकड्यांना आधी जोडून एक केलं, नाहीतर पद भलत्याच ठिकाणी तुटत होतं.

शेवटची तपासणी माणसाची. सुरुवात, प्रत्येक अंकाचा पडदा आणि शेवटची दोन मिनिटं कुणीतरी डोळ्यांनी बघायची, मग क्रमांकापुढे सही. हे काम ज्येष्ठ कलाकारांनी आपणहून मागून घेतलं. आवाज चित्राच्या मागे पडलाय हे त्यांना सगळ्यांत आधी कळे, कारण संवाद त्यांचे स्वतःचे होते.

## निष्पत्ती

5 नोव्हेंबरला ठरवलेल्या नाटकांपैकी निम्मीच तयार झाली. काकांनी अपुऱ्या फाइल्स घाईने चढवू दिल्या नाहीत. जी लावली ती अडखळली नाहीत. वाचनखोलीतला टीव्ही आणि खालच्या सभागृहातला टीव्ही एकाच वेळी वेगवेगळी नाटकं दाखवत असताना सर्व्हरवर ताण जवळपास नव्हता, कारण बदलून द्यायचं काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या अंकातलं ते पद पूर्ण वाजलं. नायिकेच्या बाईंनी ते दोनदा लावायला सांगितलं.

सध्या पाहण्याची सोय संस्थेच्या इमारतीपुरतीच आहे. घरून बघता यावं अशी मागणी येते. तिथल्या ब्रॉडबँडवर बाहेरून थेट पोचता येईल असा स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे ती सरळ देता येत नाही. त्याला तांत्रिक वाटा आहेत, पण कार्यकारिणीने आधी संमतिपत्रं गोळा करायची ठरवली आणि मला तो क्रम पटतो. हयात लेखकांना, गेलेल्यांच्या वारसांना आणि कलाकारांना पत्रं गेली आहेत. उत्तरं हळूहळू येतात.

## काय वेगळं करता आलं असतं

वीज गेल्यावर सर्व्हर बॅटरीवर चालू ठेवणारा यूपीएस सर्वांत आधी घ्यायला हवा होता. पैसे टीव्हीवर गेले आणि यूपीएस ‘पुढच्या हप्त्यात’ राहिला. पहिल्या गठ्ठ्याच्या वेळी तो असता तर फाइल्स तुटल्या नसत्या. मात्र मग आकार जुळतो म्हणून पुसायची सवयही उघडी पडली नसती आणि ती पुढे केव्हातरी नडली असती, हेही तितकंच खरं. यूपीएस असला तरी ठसे जुळवणं सोडू नये.

नाव देण्याची पद्धत पहिली टेप उतरवण्यापूर्वी ठरली असती तर काकांची पुष्कळ मेहनत वाचली असती. त्यांची लांबलचक नावं वाया गेली नाहीत, एनएफओमध्ये गेली. पण ती एकेक करून हलवावी लागली.

दुकानातून केलेल्या डीव्हीडींवर इतका विश्वास टाकायला नको होता. जागा वाचवण्यासाठी त्यांतल्या काही फार दाबलेल्या निघाल्या, चेहऱ्यांवर चौकोन दिसतात. ज्यांच्या मिनीडीव्ही टेपा शाबूत आहेत त्या कॅमेऱ्यातून फायरवायर केबलने पुन्हा उतरवणं चालू आहे. असं काम हाती घेणाऱ्याने डीव्हीडी शेवटी घ्यावी आणि टेप आधी, कारण टेप वाजवणारे कॅमेरे दर वर्षी कमी होत आहेत आणि दुरुस्त करणारेही.

दुसऱ्या गावातली प्रत उशिरा झाली. मूळ चित्रणांची एक डिस्क आता विट्याला एका सभासदाच्या घरी असते, नदीपासून दूर. ती पावसाळा उलटल्यावर गेली. मे महिन्यात जायला हवी होती. आता दर वर्षी मेमध्ये ती सांगलीत आणून नवी चित्रणं भरायची, सगळे ठसे पुन्हा जुळवायचे आणि जूनच्या आधी परत पाठवायची, असं नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

व्हीएचएस कॅसेटांचा निर्णय अजून झालेला नाही. काहींच्या फितीवर बुरशी आहे, आणि तशी फीत साध्या व्हीसीआरमध्ये घातली तर बुरशी यंत्राच्या हेडवर बसून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. त्या बाहेर स्वच्छ करून घ्यायला खर्च मोठा येतो. कार्यकारिणीने कॅसेटांची यादी करून, कुठल्या प्रयोगाचं दुसरं कुठलंही चित्रण नाही ते आधी बघायचं ठरवलं आहे. पैसे त्याच कॅसेटांवर घालायचे. बाकीच्या कोरड्या डब्यात बंद करून माडीवर ठेवल्या आहेत.